तळाला उरलेलं औषध

आमच्या राजाजीनगरात तेव्हा औषधांचं दुकान एकच होतं, आणि तिथं औषध आणायला जायचं म्हणजे मला तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखं वाटायचं. दुकान आप्पाजींचं. त्यांच्या घराण्यातलं कुणीतरी कित्येक पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून इकडे कानडी मुलखात आलं आणि इथलंच झालं, त्यामुळे आप्पाजींच्या मराठीत कन्नड शब्दांची बरीच ये-जा. पण औषधाच्या बाबतीत माणूस दोन्ही भाषांत सारखाच चिवट. डॉक्टरांची चिठ्ठी आधी मनात वाचणार, मग मोठ्यानं वाचणार, मग औषध कुणाला, वय काय, दुसरं काही चालू आहे का, सगळं विचारणार. मिक्स्चरसाठी घरून बाटली नेली तर ती उजेडात धरणार, हुंगणार आणि "अक्का, ह्यात खोबरेल होतं" म्हणून परत पाठवणार. मी एकदा भडकून म्हटलं होतं, मला बाटलीशी सोयरीक करायची नाहीये, औषध घाला. ते हसले आणि बाटली परतच दिली.

चीड यायची, पण जायचे सगळे त्यांच्याकडेच. सुलभाला तर त्यांच्यावाचून चालणारच नव्हतं. सुलभा माझी शेजारीण, आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिचा नवरा श्रीकांत कारखान्यात इंजिनियर, पुण्याहून नोकरीसाठी आलेला. त्यांना एकच मुलगी, नयना. सात वर्षांची असताना ती पोर एकाएकी सुकत गेली, तांब्यावर तांबे पाणी प्यायला लागली आणि एक दिवस शुद्धच हरपून मोठ्या इस्पितळात पोचली. मधुमेह निघाला. एवढ्याशा पोरीला मधुमेह होतो हे आमच्यापैकी कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. नयना वाचली ती इन्सुलिनवर, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता रोज सकाळ-संध्याकाळ टोचावं लागेल, जन्मभर.

टोचायचं कुणी हा प्रश्न होता. श्रीकांत सकाळी लवकर कारखान्याच्या बसनं निघायचा, आणि तसाही सुई दिसली की त्यालाच घेरी यायची. मग सुलभा शिकली. शिकवलं आप्पाजींनी. ते दुकानाच्या वेळा सांभाळून सायकलवरून घरी यायचे. आधी संत्र्यात पाणी टोचायला लावलं, मग स्वतःचा दंड पुढे केला, आणि सुलभाचा हात बसला तेव्हाच नयनाच्या अंगाला सुई लावू दिली. मग त्यांनी तिच्या काचेच्या सिरिंजला लाल दोरा बांधून दिला.

हा लाल दोरा ही आप्पाजींची सोय. सिरिंजवरच्या बारीक रेघा म्हाताऱ्यांना दिसायच्या नाहीत आणि कितीतरी बायकांना वाचता यायच्या नाहीत. म्हणून ज्या घरात इन्सुलिन असेल त्या घरच्या सिरिंजला, औषध जिथवर भरायचं तिथं, ते लाल रेशमाचा दोरा बांधायचे. गाठ अशी की उकळत्या पाण्यात सुटायची नाही. दोऱ्यापर्यंत ओढायचं आणि टोचायचं, बाकी डोकं चालवायचं नाही. सुलभा मॅट्रिक झालेली, इंग्रजी आकडे तिला सहज वाचता यायचे, पण दोरा आला आणि तीही रेघांकडे बघायची विसरली.

आता जे सांगते ते मला तेव्हा कळत नव्हतं, सगळं नंतर आप्पाजींनी समजावलं. इन्सुलिनच्या बाटल्या आमच्याकडे दोन ताकदीच्या यायच्या, विसाची आणि चाळीसाची. दिसायला सारख्याच, फक्त चाळीसाच्या तेवढ्याच पाण्यात औषध दुप्पट. नयनाला विसाची चालू होती. मध्यंतरी मद्रासहून तो माल यायचा थांबला, तेव्हा आप्पाजींनी चाळीसाची बाटली दिली आणि दोरा कापून खाली, निम्म्यावर बांधला. दोरा हलवताना त्यांचा एक नियम असायचा. घरातली जुनी बाटली आधी त्यांच्या हातात द्यायची, मगच ते कात्री उचलणार. आणि हातात आलेल्या बाटलीत जे काही उरलं असेल ते तिथल्या तिथं मोरीत ओतून टाकणार. सुलभाच्या त्या बाटलीत बरंच औषध शिल्लक होतं. तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी ती रिकामी केली.

ते तिला फार लागलं. सुलभा म्हणजे साबणाची चकती नव्या वडीला चिकटवून झिजेपर्यंत वापरणारी बाई. त्या दिवशी घरी येईपर्यंत ती तेच तेच बोलत होती. "ज्याच्यावर माझी पोर जगते, वसुअक्का, ते त्यांनी गटारात ओतलं." आप्पाजींचा मलाही रागच आला होता. नियम असावेत, पण माणसाला थोडी हळहळ नको का?

सुलभाचं दुसरं टोक गोडाचं. डॉक्टरांनी गोड वर्ज्य म्हटलं आणि तिनं घरातून साखर, गूळ, मध, सगळं हद्दपार केलं. श्रीकांत बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि तोंड वाकडं करायचीही त्याला चोरी होती. संक्रांतीला आलेला तिळगूळ ती दारातूनच दुसऱ्याच्या पोराला देऊन टाकायची. आप्पाजी तिला वरचेवर बजावायचे, घरात थोडी साखर ठेवा, कधी औषध जास्त लागलं, पोरीला घाम सुटला, हातपाय थरथरले, तर ती साखरच तिला वाचवील. ती त्यांच्यासमोर मान डोलवायची आणि घरी काही आणायची नाही. तिला भीती एकाच गोष्टीची होती, की पोर चोरून गोड खाईल. म्हणून तिनं नयनाला देवापुढे उभं करून शपथ घातली होती की गोड तोंडात घातलंस तर तुझी आई मरेल. हे मला मुळीच पटलं नव्हतं आणि मी तसं बोललेही होते. पण इस्पितळात बेशुद्ध पडलेली पोर तिनं बघितली होती, मी नाही. नयना ती शपथ इतकी मानायची की आमच्याकडे शिरा भाजला जात असला तर नाकाला फ्रॉक लावून अंगणात जाऊन बसायची.

मग विसाचा माल पुन्हा आला. संध्याकाळचं टोचून झाल्यावर सुलभा नवी बाटली आणायला निघाली तेव्हा मीही बरोबर होते. साथीचे दिवस होते, दुकानात तापाच्या औषधाला ही गर्दी. आप्पाजींनी बाटली काढली, सिरिंज मागून घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, जुनी बाटली कुठाय? सुलभा शांतपणे म्हणाली, संपली, टाकून दिली. आप्पाजींचा हात कात्रीकडे गेला नाही. मागून लोक चिठ्ठ्या नाचवत होते. शेवटी, रिकामी झाली तरी बाटली टाकायची नाही, मला आणून द्यायची, एवढं ते म्हणाले, त्यांनी दोरा कापला आणि वर, पुऱ्या मापावर नेऊन बांधला. उद्या सकाळपासून ही नवी, असं त्यांनी दोनदा सांगितलं. सुलभानं दोनदा हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विरजण मागायला सुलभाकडे गेले. ती स्वयंपाकघरात नयनाला टोचत होती. कोपऱ्यात ओल्या वाळूचं मडकं होतं, इन्सुलिन थंड राहावं म्हणून ठेवलेलं, आणि त्यात कालची नवी बाटली टोपणही न फोडता तशीच दिसत होती. मी विचारलं, ही कधी काढणार? ती हसली. "तळाला थोडं राहिलंय ते आधी संपवते. आप्पाजींना कळलं तर ओतून टाकतील." त्यात मला काही वावगं दिसलं नाही. आधीचं संपवून मग नवं काढायचं हे आम्हा सगळ्यांच्याच घरी चालायचं, लोणच्यापासून साबणापर्यंत. नयनाला शाळेला उशीर होत होता. तिनं अर्धी भाकरी कशीबशी खाल्ली, उरलेली तिथंच टाकून दप्तर उचललं आणि पळाली.

घरचं आवरून मी बाजारात गेले. डोकं दुखत होतं म्हणून आप्पाजींकडे बाम घ्यायला थांबले. त्या दिवशी दुकान रिकामं होतं, आप्पाजी खलात काहीतरी घोटत होते. बाम घेता घेता मी त्यांची थट्टा करायला म्हटलं, तुम्ही कितीही नियम करा, आमची सुलभा तुमच्याही वरताण आहे, जुन्या बाटलीचा थेंबन् थेंब संपल्याशिवाय नवी फोडायची नाही ती.

आप्पाजींचा हात थांबला. "कुठली जुनी बाटली?"

मला अजूनही थट्टाच वाटत होती. मी म्हटलं, तीच, तुम्ही मागत होता ती.

"त्यातून आज टोचलं?"

हो, माझ्यादेखतच, शाळेला जायच्या आधी, मी म्हटलं. आणि मग मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण हा चेहरा मी कधी बघितला नव्हता. ओठ पांढरे पडले होते. त्यांनी फळीवरून ग्लुकोजचा डबा ओढला, दोन बाटल्या खाली पडून फुटल्या तिकडे वळूनही बघितलं नाही. जो माणूस पुसल्याशिवाय चमचा जागेवर ठेवायचा नाही, तो काचेवर पाय देत बाहेर आला. काहीतरी भयंकर झालंय, एवढं मला कळलं.

"दोरा वर नेला मी काल," सायकल काढता काढता ते म्हणाले. "आणि बाटली ती जुनी, डबल ताकदीची. दुप्पट गेलंय पोरीला. अंगातली साखर उतरत उतरत जाईल, अक्का. आधी चक्कर, मग गुंगी. गुंगीत गेली आणि कुणाला कळलं नाही तर उठायची नाही ती."

मी शाळेत बघतो, तुम्ही आईला घेऊन या, असं म्हणून ते निघालेही. दुकान सताड उघडं होतं. मी तशीच पळत सुटले. पिशवी कुठं टाकली ते मला आजही आठवत नाही. वाटेत ओळखीच्या बायका हाका मारत होत्या आणि मला कुणाला ओ देववत नव्हती. मनात एकच चाललं होतं, की मी सकाळी तिथं उभी होते, हसत होते, आणि माझ्यासमोर ते पोरीच्या अंगात गेलं.

सुलभा सिरिंज उकळायला ठेवत होती. मी धापा टाकत सांगितलं. तिला पटेना. ती म्हणाली, दोऱ्यापर्यंतच भरलं होतं, एक थेंब जास्त नाही, आप्पाजींची काहीतरी चूक होतेय. मी म्हटलं, दोरा नव्या बाटलीचा होता, औषध जुनीतलं. मग तिनं खिडकीतली रिकामी बाटली घेतली, मडक्यातली नवी घेतली, आणि दोन्हींवरचे आकडे वाचले. ते तिला वाचता येतच होते. बाटल्या तिनं हळूच खाली ठेवल्या आणि अनवाणीच दाराबाहेर पडली. मी तिच्या मागे. इतकी वर्षं झाली, पण भीतीनं पळणाऱ्या बाईची पाठ मला अजून दिसते.

शाळा चार गल्ल्या पलीकडे होती. आम्ही फाटकातून आत शिरलो तर आप्पाजी मैदानात उभे, हातात डबा, आणि बरोबर नयना नाही. त्यांच्या शेजारी वर्गाच्या बाई होत्या, रडवेल्या झालेल्या. त्या कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, की नयना आज कशी वेड्यासारखी वागली. कारण नसताना हसत सुटली, शेजारच्या मुलीची पाटी फेकली, उलट उत्तरं दिली. म्हणून त्यांनी तिला व्हरांड्यात उभं केलं. आणि आता व्हरांड्यात ती नव्हती. घरी पळाली असेल असं त्यांना वाटलं होतं.

"अवखळपणा नव्हता तो," आप्पाजी म्हणाले. "साखर उतरली की असंच होतं." बाईंना ते रागावले नाहीत. त्यांना रागवायला वेळच नव्हता.

आम्ही शोधायला लागलो. पाण्याच्या टाकीमागे, संडासात, दुसऱ्या वर्गांत बाकांखाली. सुलभा हाका मारत होती, पण त्या जवळ उभ्या असलेल्या मलासुद्धा धड ऐकू येत नव्हत्या. राजाजीनगरात तेव्हा जिकडे तिकडे घरं बांधायला काढलेली. शाळेच्या कुंपणाला लागूनच एक होतं, भिंती अर्ध्या उभ्या, काम थांबलेलं, कुणी माणूस नाही. कुंपणाच्या फटीत मला नयनाची रिबीन अडकलेली दिसली. मी ओरडले.

ती आत होती, विटांच्या थप्पीमागे, वाळूवर आडवी. एका पायात चप्पल नव्हती. अंगातला फ्रॉक घामानं चिंब, केस कपाळाला चिकटलेले, आणि हात-पाय मधूनच उडत होते. डोळे अर्धे उघडे होते पण ते आम्हाला बघत नव्हते. मी म्हणाले, गेली. खोटं कशाला सांगू, मला तसंच वाटलं होतं.

आप्पाजी वाळूत गुडघे टेकून बसले. तिच्या नाकाशी हात धरला, गालावर थापटलं. नयना कण्हली. "आहे," ते म्हणाले. "गिळायची शुद्ध आहे स्वल्प. तेवढी आहे तोवर घातलं पाहिजे." त्यांनी बोट ओलं करून ग्लुकोजच्या भुकटीत बुडवलं आणि तिच्या ओठांशी नेलं. एकदम ओतायचं नाही, घशात अडकेल, असं ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

ओठांना गोड लागलं आणि नयनानं दात घट्ट आवळले. आप्पाजींनी पुन्हा बोट नेलं. तिनं मान फिरवली, थुंकली. तिला आपलं नाव कळत नव्हतं, समोर कोण आहे ते कळत नव्हतं, पण गोड घ्यायचं नाही एवढं मात्र तिच्या आत कुठंतरी जागं होतं. तिसऱ्या वेळी तिनं आप्पाजींचं बोट चावलं. रक्त आलं. त्यांनी हात मागे घेतला नाही, पण दातही उघडले नाहीत.

"अक्का," आप्पाजी सुलभाला म्हणाले, "माझ्या हातून घ्यायची नाही ती. तुम्ही द्या."

सुलभानं डबा घेतला. चिमूटभर भुकटी बोटावर घेतली आणि हात अर्ध्यावर थांबला. जी गोष्ट पोरीला मारील म्हणून तिनं दोन वर्षं दाराबाहेर अडवून धरली होती, तीच तिला स्वतःच्या हातानं पोरीच्या तोंडात घालायची होती. आणि आज सकाळी ज्या हातावर तिचा पूर्ण भरवसा होता तोच हात चुकला होता. आता तिनं कशावर विश्वास ठेवायचा? मी तिचा खांदा धरून हलवला. मी ओरडले असेन, काय ओरडले ते आठवत नाही.

तिनं नयनाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "नयना, शपथ सुटली. आई सोडवतेय. तोंड उघड, बाळा."

दात लगेच उघडले नाहीत. सुलभा तेच म्हणत राहिली, एकाच सुरात, आणि ओठांच्या कडेनं, गालाच्या आतून बोट फिरवत राहिली. शपथ सुटली, शपथ सुटली. थोड्या वेळानं जबडा सैल झाला. जीभ हलली. पोरीनं गिळलं. आप्पाजी तिचा घसा बघत होते आणि प्रत्येक घोटाला कन्नडमध्ये सरी, सरी, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या गिळण्याकडे इतकं लक्ष देऊन बघितलं असेल.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाईंनी पाणी आणलं, मग त्यात ग्लुकोज कालवून चमच्यानं दिलं. हळूहळू हातांचं उडणं थांबलं. डोळ्यांत ओळख आली. नयनानं आधी आभाळाकडे बघितलं, मग आईकडे. जीभ ओठांवरून फिरवली आणि तिचं तोंड एकदम भेदरलं.

"आई, गोड लागलं," ती म्हणाली. "तू मरशील."

सुलभा तिथंच वाळूत कोसळून रडायला लागली. मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, पोर इस्पितळातून घरी आणली तेव्हासुद्धा नाही. आप्पाजी उठून भिंतीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासलं, दिवसभर थोडं थोडं खायला घालत जवळ बसून राहा म्हणाले, आणि संध्याकाळचं इन्सुलिन बंद ठेवलं. सकाळपासून पुन्हा चालू करायचं, नाहीतर दुसऱ्या बाजूनं घात होईल. आप्पाजी आमच्याबरोबरच होते. घरी आल्यावर सुलभानं त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, "बाटली संपली नव्हती. मी खोटं बोलले." मला वाटलं आता ते बोलणार, आणि त्यांनी बोलावंच असंही मला वाटत होतं. आधीच्या वेळी त्यांनी तिचं औषध मोरीत ओतलं होतं ते आठवून मला त्यांच्यावरही राग होता आणि हिच्यावरही. पण ते एवढंच म्हणाले की बाटली हातात घेतल्याशिवाय कात्री उचलायची नाही हा नियम त्यांचा होता, तिचा नव्हे. गर्दी होती म्हणून त्यांनी तो वाकवला. मग ते दुकानाकडे गेले. दुकान सकाळपासून उघडंच होतं. कुणी काही नेलं नव्हतं, पण त्यांनी ते लगेच बंद केलं आणि त्या दिवशी कुणालाच काही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभानं मला भिंतीवरून हाक मारली. मी गेले तर आप्पाजी आधीच आलेले. श्रीकांत रजा घेऊन घरी थांबला होता आणि दाराशी उभा राहून नुसता घाम पुसत होता. सिरिंज उकळून तयार होती, नवी बाटली फोडलेली होती. सुलभानं दोऱ्यापर्यंत औषध भरलं, रेघा मोजल्या, बाटली मोठ्यानं वाचली, मला वाचायला लावली, आप्पाजींना वाचायला लावली. सगळं बरोबर होतं. पण तिचा हात पुढे जाईना. शेवटी तिनं सिरिंज आप्पाजींसमोर धरली. तुम्हीच टोचा, म्हणाली. माझा हात तिला लागायला नको आता.

आप्पाजींनी सिरिंज घेतली. आदल्या दिवशी चावलेल्या बोटाला त्यांनी पट्टी बांधली होती. ते पाटावर बसलेल्या नयनाजवळ वाकले, आणि मला दिसलं की सुईचं टोक थरथरतंय. दंडाशी नेऊन त्यांनी ती परत मागे घेतली. पुन्हा नेली. घरातली मोठी माणसं सगळी त्या एका सुईला भ्यालेली, आणि उशीर तर होत चाललेला.

नयना एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं आप्पाजींचा हात बाजूला सारला, फ्रॉकची बाही आणखी वर ओढली आणि दंड आईपुढे केला.

"तूच दे," ती म्हणाली. "तू देतेस तेव्हा तूपण घाबरलेली असतेस. आप्पाजींनी दिलं तर मी एकटीच घाबरेन."

सुलभानं सिरिंज परत घेतली आणि टोचलं. नयनानं डोळे मिटले नाहीत, सुलभानंही मिटले नाहीत. मला हुंदका आला होता तो मी गिळला, कारण भाकरी तव्यावर होती आणि टोचल्यावर पोरीनं लगेच खायचं असतं.